गॉर्डन हॉल याची मुंबईंतील दिनचर्या : मिशनरी दैनंदिनी कशी वाचावी

जुने कागद जमविणाऱ्या आमच्या मित्रांत मिशनऱ्यांच्या दैनंदिन्यांविषयीं दोन प्रकारची वृत्ति आढळून येते. कित्येकजण त्या परधर्मप्रचाराचें साहित्य म्हणून हातांतच घेत नाहींत. दुसरे कित्येक, त्या छापील व सुलभ असल्यामुळें, त्यांतील मजकूर जशाचा तसा उचलून तत्कालीन मराठी समाजाचें यथार्थ चित्र म्हणून पुढें ठेवितात. आमच्या मतें पहिल्या रीतीनें साधन फुकट जातें व दुसरीनें सत्य. अमुक कागद कोणीं लिहिला एवढेंच पाहून भागत नाहीं; तो कोणत्या कामाच्या ओघांत लिहिला व कोणीं वाचावा म्हणून लिहिला, हेंही पाहावें लागतें. बखरींस ही कसोटी आपण लावितोंच. मिशनऱ्याच्या दैनंदिनीस ती लावावयाची, तर प्रथम त्याचा दिवस कसा जात असे हें ठाऊक पाहिजे. त्यासाठीं आम्ही गॉर्डन हॉल याचें उदाहरण घेतों. कारण मुंबईंतील अमेरिकन मराठी मिशनचा तो आरंभींचा पुरुष असून, त्याच्या वास्तव्याचीं तेरा वर्षें पेशवाईच्या शेवटाच्या दोहों बाजूंस पसरलेलीं आहेत.

हॉलचा जन्म अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतीं टॉलंड या गांवीं ८ एप्रिल १७८४ रोजीं झाला. विल्यम्स कॉलेजांतून १८०८ सालीं तो पदवीधर झाला. परदेशीं धर्मोपदेशक पाठविण्यासाठीं 'अमेरिकन बोर्ड' म्हणून ओळखली जाणारी संस्था १८१० सालीं निघाली, व तिनें निवडलेल्या पांच तरुणांस ६ फेब्रुवारी १८१२ रोजीं सेलम येथें दीक्षा मिळाली. हॉल, जडसन, नॉट, न्यूवेल व राइस हे ते पांच. त्याच महिन्यांत दोन निरनिराळ्या जहाजांनीं ते निघाले व उन्हाळा-पावसाळ्यांत कलकत्त्यास पोंचले. पोंचतांच कंपनी सरकारनें मुलखांतून निघून जाण्याचा हुकूम केला. त्यांतच अमेरिका व इंग्लंड यांमध्यें जून १८१२ त युद्ध पेटलेलें. म्हणजे हे लोक नुसते विनापरवाना आलेले पाद्री नव्हत, तर शत्रुराष्ट्राचे रहिवासी ठरले. न्यूवेल मॉरिशस बेटाकडे वळला; तेथें त्याची एकोणीस वर्षांची पत्नी हॅरिएट ३० नोव्हेंबर १८१२ रोजीं वारली. हॉल आणि नॉट पतिपत्नी कलकत्त्याहून गलबत गांठून ११ फेब्रुवारी १८१३ रोजीं, म्हणजे शके १७३४ च्या माघ शुद्ध पक्षांत, मुंबईस उतरले. हॉलचें वय त्या वेळीं अठ्ठावीस वर्षांचें होतें.

मुंबईसही तोच हुकूम त्यांच्या पाठोपाठ आला. गव्हर्नर सर इव्हान नेपियन हा स्वतः धर्मनिष्ठ गृहस्थ असल्यामुळें त्यानें घाई केली नाहीं, परंतु हुकूम त्यासही मोडतां येईना. नोव्हेंबर १८१३ त हॉल व नॉट देशी गलबतांतून गुपचूप सिलोनच्या रोखानें निघाले. कोचीनपर्यंत गेले, आणि तेथून त्यांस परत मुंबईस आणण्यांत आलें. त्याच वर्षीं विलायतेंत कंपनीच्या सनदेचा नवा कायदा होऊन मिशनऱ्यांस वाट मोकळी झाली होती. पुढील वर्षांत या दोघांस राहण्याची मोकळीक मिळाली. न्यूवेलही १८१४ च्या आरंभीं सिलोनहून येऊन त्यांस मिळाला. नॉट मात्र प्रकृतीच्या कारणानें १८१५ सालीं परत गेला.

ही हकीकत इतक्या तपशिलानें देण्याचें कारण असें कीं, या पहिल्या वर्षाच्या टांगत्या स्थितींतच हॉलच्या दिनचर्येची घडण झाली. उघडपणें उपदेश करणें धोक्याचें, प्रवास करणें अशक्य, आणि उद्यां जहाजावर चढवितील कीं काय याची शाश्वति नाहीं. अशा वेळीं माणूस घरांत बसून करील असें एकच काम उरतें, तें म्हणजे भाषा शिकणें. आणि पुढें मोकळीक मिळाल्यावरही त्याच्या दिवसाचा पाया हाच राहिला.

सकाळचा वेळ पंडिताबरोबर जाई. आज आपणांस मोल्सवर्थचा कोश हाताशीं असल्यामुळें या कामाची अडचण सहसा लक्षांत येत नाहीं. मोल्सवर्थ निघाला १८३१ सालीं. व्हॅन्स केनेडीचा कोश १८२४ चा. हॉल शिकूं लागला तेव्हां कॅरीचें १८०५ सालचें व्याकरण व १८१० सालचा मोडी टाइपांत छापलेला कोश, आणि मुंबईस १८०८ सालीं छापलेलें ड्रमंडचें गुजराती-मराठीचें पुस्तक, एवढींच साधनें होतीं. कॅरीचें काम बंगालांत बसून झालेलें. मुंबईच्या बाजारांत कानावर पडणारी बोली कांहीं निराळीच. आगरी, भंडारी, कोळी, पांचकळशी, पाठारे प्रभु, बेने इस्राएल, देशावरून आलेला ब्राह्मण व घांटावरचा हमाल या सर्वांच्या तोंडची मराठी एका व्याकरणांत बसविणें जाणत्यासही कठीण, मग परक्याची कथा काय! कोश अपुरा, व्याकरण दूरदेशीचें. मग उरला पंडित. तोच कोश, तोच व्याकरण, आणि शब्द बरोबर कीं चूक हें सांगणारा न्यायाधीशही तोच.

लिपीची अडचण याहून मोठी होती, व तिच्याकडे संग्राहकांनीं विशेष लक्ष द्यावें. ज्याला रोजचें लिहिणें-वाचणें म्हणत तें सर्व मोडींत चाले. पंतोजीच्या शाळेंत मूल धूळपाटीवर अक्षर गिरवी तें व्यवहारासाठीं. बाळबोध ही पोथ्यांची लिपी, आणि पोथी वाचणारे थोडे. मिशननें आपलें छापकाम बाळबोधांत केलें. त्यामुळें एखाद्या दुकानदाराच्या हातीं छापील पान दिलें असतां तो हिशेबाची वही झरझर वाचणारा मनुष्य या पानावर अडखळे. दैनंदिन्यांत 'वाचतां येणारे फार थोडे' अशा अर्थाचीं विधानें येतात, त्यांचा अर्थ लावितांना हा भेद ध्यानांत ठेवावा. परक्या परीक्षकानें निरक्षर म्हणून धरलेला मनुष्य मोडी उत्तम जाणत असणें सहज शक्य होतें. अशा विधानांवरून मुंबईंतील साक्षरतेचें प्रमाण काढणारे लेख आमच्या पाहण्यांत आले आहेत. ते भिंतीवांचून छप्पर घालण्यासारखे आहेत.

दुपारचा वेळ लेखनाचा. त्यांत भाषांतर मुख्य. हॉल व न्यूवेल ग्रीक मूळ पुढें ठेवून मराठी करीत, पंडित तें सुधारी, व सुधारलेलें पुन्हा मुळाशीं ताडून पाहिलें जाई. या तिहेरी चाळणींतून निघालेली मराठी ओळखूं येते. ग्रीकांतील वाक्यारंभींचें अव्यय सोडवत नाहीं म्हणून वाक्यामागून वाक्य 'आणि'नें सुरू होतें. कर्ता-कर्म-क्रियापदाचा क्रम कोठें देशी तर कोठें परका. आणि मध्येंच एखादें वाक्य असें निर्दोष व ठसकेबाज येतें कीं तेथें पंडिताचा हात स्पष्ट दिसावा. पाप, तारण, अवतार, पश्चात्ताप हे शब्द घ्यावे तर त्यांच्या मागें आपल्याकडील शेंकडों वर्षांचा अर्थ चिकटलेला, न घ्यावे तर कोणासच कांहीं समजावयाचें नाहीं. हा पेंच हॉलला रोज पडे; आणि तो सोडवितांना पंडितानें सुचविलेला शब्द म्हणजे एका अर्थीं पंडिताचें मतच पुस्तकांत शिरे.

१८१६ च्या नोव्हेंबरांत होरेशिओ बार्डवेल हा मुद्रणाची माहिती असलेला सोबती आला आणि दिनचर्येंत छापखाना शिरला. कलकत्त्याहून आणविलेल्या नागरी टाइपांनीं १० मार्च १८१७ रोजीं आठ पानांची पहिली पुस्तिका छापून झाली. प्रती १५०० काढल्या. त्याच वर्षीं मत्तयाचें शुभवर्तमान निघालें. येथून पुढें हॉलच्या दिवसाचा बराच भाग मुद्रितें तपासण्यांत जाऊं लागला. हा छापखाना मराठी मुद्रणाच्या इतिहासांत केवढा महत्त्वाचा ठरला हें सर्वश्रुत आहे. गणपत कृष्णाजींस छापण्याची कल्पना अमेरिकनांचीं पुस्तकें पाहून सुचली असें गोविंद नारायण माडगांवकर यांच्या 'मुंबईचें वर्णन' (१८६३) या ग्रंथावरून दिसतें. निर्णयसागरचे जावजी दादाजी बालपणीं याच छापखान्यांत काम शिकले. ज्या पोथ्या व पंचांगें आपण जपून ठेवितों, त्यांच्या मुद्रणाची वाट पाद्र्यांच्या छापखान्यावरून गेलेली आहे, हें कांहींस रुचो वा न रुचो.

उन्हें उतरलीं म्हणजे हॉल बाहेर पडे. देवळाची ओसरी, तलावाची पायरी, बाजारांतील दुकानाचा ओटा, जेथें चार माणसें बसलेलीं दिसत तेथें तो बोलावयास सुरुवात करी. शाळांची देखरेखही याच वेळांत. मिशननें १८१५ नंतर काढलेल्या फुकट शाळांत हिंदु पंतोजी असत व पुढें बेने इस्राएल शिक्षकही नेमले गेले. १८२४ सालीं मुलींची शाळा निघाली ती मुंबईंतील आद्य कन्याशाळांपैकीं होय. रविवारीं इंग्रजी जाणणाऱ्यांसाठीं उपासना. रात्रीं दिव्याशीं बसून दिवसाची टिपणी, आणि जहाज सुटणार असलें म्हणजे पत्रें.

या टिपणीचें स्वरूप नीट समजून घेतलें पाहिजे. ती खासगी नव्हती. तिच्या नकला बोस्टनला जात, व तेथें 'पॅनोप्लिस्ट' आणि १८२१ पासून 'मिशनरी हेरल्ड' या मासिकांत त्यांतील भाग निवडून छापले जात. ज्यांच्या वर्गणीवर मिशन चाले ते खेड्यांतील शेतकरी, कारागीर व त्यांच्या बायका हे तिचे वाचक. हॉलला लिहितांना हें पूर्ण ठाऊक असे. शिवाय पत्र पोंचण्यास चार-पांच महिने, उत्तर येण्यास तितकेच. म्हणजे आज लिहिलेल्या ओळीचा परिणाम कळावयास वर्ष लोटावें. गोव्याहून थॉमस स्टीफन्स यानें नोव्हेंबर १५७९ मध्यें बापास लिहिलेलें पत्र पुढें कोणी छापील अशी त्याची कल्पना नसावी, व म्हणूनच तें वाऱ्या-लाटांच्या, माशां-पांखरांच्या माहितीनें भरलेलें आहे. हॉलची लेखणी तशी मोकळी नव्हती. आज अमुक इतक्या ठिकाणीं अमुक इतक्या माणसांशीं बोललों, हा जो सांचा दैनंदिन्यांत वारंवार दिसतो तो मालकास हिशेब देणाऱ्या गुमास्त्याचा आहे. फळ दाखवितां येईना, तेव्हां निदान नांगरणी तरी दाखवावी, अशी ती स्थिति होती.

यावरून वाचकानें कोठें विश्वास ठेवावा व कोठें ठेवूं नये याचा अंदाज येतो. संवादांचा भाग घ्या. रस्त्यांत कोणा ब्राह्मणाशीं वाद झाला, त्यानें अमुक आक्षेप घेतला, त्यास अमुक उत्तर दिलें, आणि तो निरुत्तर झाला, असें लिहिलेलें असतें. आक्षेप बहुधा खरा असावा. तो तितक्या नेमकेपणानें कल्पून लिहिणें परक्यास जमणारें नव्हे, आणि सर्वत्र ईश्वरच भरलेला असतां पाप कोणाचें, हा प्रश्न आपल्याकडील कोणताही कीर्तन ऐकलेला मनुष्य विचारील. परंतु 'निरुत्तर झाला' या शब्दांस आम्ही कवडीचीही किंमत देत नाहीं. आपल्याकडे मनुष्य गप्प बसतो तो पटलें म्हणूनच बसतो असें नाहीं. पाहुण्याचा मान राखावा म्हणून, दुकानांत गिऱ्हाईक आलें म्हणून, किंवा नुसता कंटाळा आला म्हणूनही बसतो. या तिन्ही मौनांसाठीं हॉलपाशीं शब्द एकच होता. पूर्वपक्ष खरा व निकाल संशयित, असा ठोकताळा धरल्यास फारसें चुकणार नाहीं.

याउलट जें त्यानें सहज, जातां जातां लिहिलें, तें पुष्कळ अंशीं विश्वसनीय असतें. उत्सवाची मिरवणूक कोणत्या दिवशीं निघाली, शाळा कोणाच्या ओसरीवर भरे, आज गर्दी कां नव्हती, कोणत्या वस्तींत माणसें मरत होतीं, हें सांगण्यांत त्याचा कांहीं मतलब नव्हता. येथें पंचांग हातीं घ्यावें. दैनंदिनींत इंग्रजी तारीख व उत्सवाचा उल्लेख एकत्र आल्यास तिथि काढून मेळ घालावा. मेळ पडला तर नोंद त्याच रात्रीची. दोन-चार दिवसांचें अंतर पडलें तर ती मागून एकदम लिहिली असा तर्क करण्यास हरकत नाहीं. महामारीच्या नोंदींस हा नियम विशेष लागू आहे. १८१७ सालीं बंगालांत उठलेली पटकीची साथ पुढल्या वर्षीं मुंबईस आली, आणि त्यानंतर ती या मंडळींच्या घरांतली गोष्ट झाली. न्यूवेल ३० मे १८२१ रोजीं पटकीनेंच गेला.

घरचा उल्लेख निघाला तेव्हां हेंही सांगितलें पाहिजे कीं, छापील दैनंदिन्यांत घर फार थोडें दिसतें. हॉलनें १८१६ सालीं मुंबईंतच मार्गारेट लुइस या इंग्रज स्त्रीशीं विवाह केला. मुलांच्या प्रकृती येथें टिकेनात, म्हणून १८२५ सालीं दोन मुलांस घेऊन ती अमेरिकेस निघाली. हॉल कामावर राहिला. वाटेंत समुद्रावर थोरला मुलगा वारला. पुत्रशोकाची ही हकीकत बोस्टनच्या वाचकांसाठीं पुढें कोणीं कशी सजविली हा भाग निराळा. तेरा वर्षांच्या सांचेबंद दिनचर्येखालीं काय दडलेलें होतें याची खूण म्हणून आम्ही ती येथें नमूद करितों.

पेशवाई बुडाल्यानंतर घांटावरचा मुलूख मोकळा झाला. २ मार्च १८२६ रोजीं हॉल दोन मुलगे बरोबर घेऊन नाशिककडे निघाला. अमेरिका सोडण्यापूर्वीं त्यानें फिलाडेल्फियांत थोडें वैद्यक ऐकलें होतें, व औषधें जवळ होतीं. नाशकांत पटकीनें माणसें पटापट मरत होतीं. औषधें जवळजवळ सर्व तेथेंच वांटून संपलीं. परतीच्या वाटेवर एका देवळाच्या ओसरींत मुक्काम असतां त्यालाच पटकी झाली, व २० मार्च रोजीं कांहीं घटकांत तो मरण पावला. शके १७४७ चा तो फाल्गुन शुद्ध पक्ष, होळी तीन-चार दिवसांवर आलेली. बरोबरच्या मुलांनीं त्यास घोंगडींत गुंडाळून पुरलें. ज्या नव्या कराराच्या भाषांतरावर त्याच्या इतक्या सकाळी गेल्या, तो पुरा छापून निघाला तोही याच १८२६ सालीं. बार्डवेलनें लिहिलेलें हॉलचें चरित्र १८३४ सालीं प्रसिद्ध झालें; त्यांत दैनंदिनींतील उतारे भरपूर आहेत. मूळ हस्तलिखितें अमेरिकन बोर्डाच्या दप्तरांत असून तें दप्तर हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयांत आहे. चरित्र, मासिकांतील उतारा व मूळ लेख असा तिहेरी ताळा घालतां आल्यास संपादकांनीं काय गाळलें हेंही हातीं येईल, आणि आमच्या मतें गाळलेलें तेंच आपल्या अधिक कामाचें असण्याचा संभव आहे. स्थळनामांच्या इंग्रजी लेखनाविषयीं मात्र सावध असावें. त्या काळचा 'टॅना' म्हणजे ठाणें व 'नस्सुक' म्हणजे नाशिक हें सहज ओळखतां येतें. परंतु लहान खेड्यांचीं नांवें ऐकून लिहिलेलीं असल्यामुळें नकाशावर बोट ठेवण्यापूर्वीं मार्ग व मजलांचें अंतर ताडून पाहणें अवश्य आहे.

शेवटीं पुन्हा पंडिताकडे वळूं. कॅरीनें आपल्या कोशाच्या कामीं फोर्ट विल्यम कॉलेजांतील वैजनाथ पंडिताचें नांव घेतलें, म्हणून आज आपणांस तें ठाऊक आहे. मुंबईच्या मिशनरी लेखनांत पंडित येतो तो बहुधा 'माझा ब्राह्मण' किंवा 'शिक्षक' एवढ्याच नांवानें. रोज सकाळीं येऊन परक्याच्या तोंडीं मराठी घालणारा, त्याच्या कच्च्या वाक्यांवर लेखणी फिरविणारा, आणि संध्याकाळीं त्याच परक्याशीं वाद घालणाऱ्या आपल्या जातभाईंत परत जाऊन बसणारा हा मनुष्य बोस्टनच्या कागदांत सांपडणें कठीण. तो सांपडला तर येथेंच सांपडेल. म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, मुंबई, ठाणें, साष्टी व कोंकण येथील ब्राह्मण व प्रभु घराण्यांच्या दप्तरांत १८१३ ते १८२६ या सालांचे मोडी हिशेब आढळल्यास त्यांतील दरमहाच्या जमेच्या रकमा अवश्य पाहाव्या. 'पाद्री', 'साहेब' किंवा 'मरिकन' असा कांहीं उल्लेख असलेला कागद, कितीही क्षुल्लक दिसला तरी, वेगळा काढून ठेवावा. तसेंच रुमालांत गुंडाळलेल्या पोथ्यांच्या मध्यें किंवा पुठ्ठ्याच्या अस्तरास चिकटलेलीं जाड नागरी टाइपाचीं सुटीं पानें सांपडतात, तीं 'पाद्र्यांचीं चोपडीं' म्हणून फेकून देण्याचा प्रघात आहे. तसें करूं नये. पान सोडवून, त्याची लांबी-रुंदी, ओळींची संख्या व कागदाचा पोत टिपून घ्यावा. आणि समासांत मोडी अक्षरांत कोणीं कांहीं दुरुस्ती केली असल्यास ती प्रथम उतरून ठेवावी, कारण शाई फिकट होत जाते.